अर्जुन दोनदा थरथरला

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या शाळेत मी गणित शिकवायची. चाचणीच्या दिवशी कुणीतरी हमखास दारात पोट धरून उभं असायचं. "मॅडम, पोट लय दुखून रायलं." शिक्षकखोलीत निकाल ठरलेला: सोंग. पण हात लावून पाहावं तर पोरीचे तळवे गार, कपाळावर घाम. दुखणं खरंच होतं, त्याचं मूळ पोटात नव्हतं एवढंच.

नको असलेलं काम समोर आलं की अंग मोडून येतं. हा आजार म्हणायचा की दोष? निवृत्तीनंतर गीता वाचताना हा प्रश्न मला पहिल्याच अध्यायात सापडला. युद्ध सुरू झालेलं नाही, अर्जुनाला एक ओरखडाही नाही. तरी गात्रं गळतात, तोंड कोरडं पडतं, अंगाची आग होते, गांडीव हातातून निसटतं. कृष्ण त्याला मनाच्या दुबळेपणाबद्दल बोलतो, पण तुझं कापणं खोटं आहे असं एकदाही म्हणत नाही.

पतंजलींनी योगातले नऊ अडथळे सांगितले, त्यांत व्याधी पहिली. तिच्याच रांगेत स्त्यान म्हणजे मनाची मरगळ, आणि पुढे आलस्य. भाष्यकार व्यासांनी आळसाचं कारण शरीराचा आणि चित्ताचा जडपणा असं दिलंय, दोन्हींचा एकत्र. आळशाला पापी ठरवण्याची घाई तिथे कुठेच नाही.

ती घाई आपल्याकडे आहे. निंदणाला गेलेली बाई दुपारी धुऱ्यावर टेकली की कामचुकार ठरते. तिच्या अंगात रक्त किती आहे, हे कोण विचारतं? वर माधानच्या गुलाबराव महाराजांचा दाखला देतात. तान्हेपणीच दृष्टी गेली, १९१५ साली चौतिसाव्या वर्षी देह ठेवला, तरी केवढी ग्रंथरचना! त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे. म्हणूनच त्यांच्या नावाची छडी करून थकलेल्या माणसावर उगारलेली मला सहन होत नाही.

गीतेत अर्जुन आणखी एकदा थरथरतो, अकराव्या अध्यायात, विश्वरूप पाहून. लक्षणं जवळपास तीच. या वेळी कृष्ण बोल लावत नाही. धीर देतो, आपलं उग्र रूप आवरतं घेतो, ओळखीच्या सौम्य रूपात परत येतो. पहिल्या वेळी कर्तव्य अर्जुनाचं होतं, तिथे त्याला उठवायचं होतं. दुसऱ्या वेळी समोरचं दृश्यच माणसाला न पेलणारं होतं, तिथे दृश्य बदलावं लागलं. दारातल्या त्या पोरींपैकी कुणाला उठवायला हवं होतं आणि कुणासाठी माझा वर्गच बदलायला हवा होता, हे मी आता एकेकीचा चेहरा आठवून तपासते.