ऐकणाऱ्याचे कोण ऐकते?

शास्त्रपाठ : मार्क ६:३०-४६, निर्गम २७:२०-२१



आमच्या इंदूरच्या मंडळीत एक बहीण आहे. वय पस्तिशीच्या आतबाहेर. मानसशास्त्राचे शिक्षण घेऊन ती गेली काही वर्षे समुपदेशनाचे काम करीत आहे. ज्यांची झोप उडाली आहे, ज्यांचा संसार मोडकळीस आला आहे, ज्यांच्या मनात जिवाचे बरेवाईट करून घेण्याचे विचार येतात, अशी माणसे तिच्यासमोर येऊन बसतात आणि बोलतात. औषध लिहून देणे हे तिचे काम नव्हे. तिचे काम ऐकण्याचे, आणि ऐकता ऐकता त्या माणसाला स्वतःची वाट दिसू लागेल असे काही विचारण्याचे. हल्ली अशांना थेरपिस्ट म्हणतात. पुढे लिहिले आहे ते मी तिला वाचून दाखविले आहे व तिच्या संमतीनेच येथे देत आहे; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

एका रविवारी उपासना संपल्यावर मी पाहिले, ती अंगणात झाडाखाली पवित्र शास्त्र हातात धरून उभी आहे आणि एकामागून एक माणसे तिच्याकडे जात आहेत. 'जरा पाच मिनिटे बोलायचे होते.' एका आईला मुलाच्या परीक्षेची काळजी, एका गृहस्थाला सुनेची तक्रार. पाऊण तास ती उभीच होती. शेवटी मीही गेलो, कारण माझ्या मेहुण्याच्या दारूचा प्रश्न मला छळत होता. तिने शांतपणे ऐकून घेतले. निघताना मी सहज म्हटले, 'आणि तू कशी आहेस?'

ती हसली. म्हणाली, 'दादा, हा प्रश्न मी दिवसातून आठ वेळा विचारते. मला कुणी विचारला की उत्तर सुचत नाही.' मग थोडे थांबून तिने सांगितले की, गेले तीन महिने तिला प्रार्थना करता येत नाही. डोळे मिटले की दिवसभरातले चेहरे पुढे येतात. 'आपल्या इंदूरची कचरागाडी रोज सकाळी येते नि रोज रिकामी होते. माझी तीन महिन्यांत रिकामी झालेली नाही. गेल्या आठवड्यात एक बाई समोर रडत होत्या आणि मी घड्याळाकडे पाहत होते. मला काही वाटलंच नाही. त्याची मला भीती वाटली.'

मी धर्मशिक्षणाची पदविका घेतलेला माणूस. पंधरा वर्षे व्यासपीठावरून बोलतो आहे. पण त्या वेळी माझ्या तोंडून जे वाक्य निघाले ते असे : 'प्रभूवर भार टाक.' वाक्य खोटे नाही. पण जिला प्रार्थनाच करता येत नाही असे तिने नुकतेच सांगितले, तिला मी प्रार्थना करायला सांगत होतो. घरी आल्यावर मला त्याची लाज वाटली.

तिला जे झाले त्याला नाव आहे. १९७४ साली न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी गरिबांसाठी चालणाऱ्या मोफत दवाखान्यातील सेवकांविषयी लिहिताना 'बर्नआउट' हा शब्द वापरला. ते स्वतः तेथे काम करून करून थकले होते, म्हणजे अनुभव घरचाच होता. आपण त्याला मन करपणे म्हणू. भाकरी करपते ती ताप नसल्यामुळे नव्हे. वेळेवर तव्यावरून न काढल्यामुळे. पुढे १९८१ साली कॅलिफोर्नियातील क्रिस्टीना मॅस्लाक व सुझन जॅक्सन यांनी ही स्थिती मोजण्याची पद्धत तयार केली. त्यांनी तीन खुणा सांगितल्या : माणूस आतून रिता होतो, समोरचा दुःखी मनुष्य त्याला मनुष्य न वाटता एक 'केस' वाटू लागतो, आणि आपल्या हातून काहीच चांगले होत नाही असे त्याच्या मनात बसते. आमच्या बहिणीने घड्याळाकडे पाहिले ती दुसरी खूण होती. तिचे प्रेम आटले, असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये.

आमच्या प्रांतात तर हा भार फारच थोड्या खांद्यांवर आहे. २०१५-१६ मध्ये बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात मध्य प्रदेशात लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञ आढळले ०.०५, म्हणजे वीस लाखांमागे एक! हा आकडा डॉक्टरांचा आहे हे खरे. पण डॉक्टर इतके थोडे असले की उरलेली रांग कोणाच्या दारी जाणार? समुपदेशकाच्या, शिक्षकाच्या, पाळकसाहेबांच्या, आणि अंगणातल्या झाडाखाली उभ्या असलेल्या बहिणीच्या.

आणि ही आजचीच गोष्ट आहे असेही नाही. याच इंदुरात १८८४ च्या अखेरीस एलिझाबेथ बीटी नावाची एक तरुण डॉक्टर कॅनडाहून आली. त्याच वर्षी तिने किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातून वैद्यकीची पदवी घेतली होती. स्त्रियांना वैद्यकी शिकविण्यास अजून पुष्कळांचा विरोध होता असा तो काळ. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मंडळीने परदेशी पाठविलेली ही पहिली स्त्री-डॉक्टर. पुरुष डॉक्टरांसमोर न येणाऱ्या येथील स्त्रिया तिच्याकडे येऊ लागल्या. दोन वर्षांनी मॅरियन ऑलिव्हर ही दुसरी डॉक्टर तिच्या सोबतीला आली. तरीही दहा वर्षे पुरी होण्याच्या आतच बीटीबाईंची प्रकृती ढासळली व त्यांना काम सोडून मायदेशी परतावे लागले. ऑलिव्हरबाई मात्र त्यानंतर पुष्कळ वर्षे येथे राबत राहिल्या. आपण वर्धापनदिनी अशा लोकांची नावे आदराने घेतो आणि त्यांच्या त्यागाचे गुणगान करतो. पण पहिली दोन वर्षे त्या बाईसोबत दुसरी डॉक्टर नव्हती, हे आपण भाषणात सांगत नाही. प्रभूने आपल्या बारा जणांना पाठविले तेव्हा दोघादोघांना पाठविले. यामागे काही हिशेब असला पाहिजे.

आता मार्काच्या सहाव्या अध्यायाकडे वळू. ते बारा जण गावोगाव फिरून परत आले आहेत. रोग्यांना बरे करून, उपदेश करून आले आहेत. नुकतीच बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची हत्या झाली आहे. म्हणजे मने दुःखाने जड आहेत. ते आल्याबरोबर काय करतात? आपण जे जे केले आणि जे जे शिकविले ते सर्व प्रभूला सांगतात. मला हे वचन पूर्वी नुसते प्रस्तावनेसारखे वाटे. आमच्या बहिणीने मला दाखविले की त्यात मोठा अर्थ आहे. तिच्या व्यवसायात असा नियमच आहे की, समुपदेशकाने ठरावीक दिवशी आपल्याहून ज्येष्ठ व्यक्तीपुढे बसून कामाचा वृत्तांत द्यावा. समोर आलेल्याचे नाव-गाव उघड न करता सांगावे : येथे मी अडले, येथे मला राग आला, येथे मला रडू आले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची गुप्तता हा त्याचा हक्क मानला आहे, तेव्हा ती घरी नवऱ्याजवळही काही बोलू शकत नाही. म्हणूनच ही एक खिडकी उघडी ठेवावी लागते. तिची खिडकी तीन महिने बंद होती. ज्येष्ठ बाई दुसऱ्या गावी गेल्या, आणि हिने 'वेळ नाही' म्हणून दुसरे कोणी पाहिलेच नाही.

सिग्मंड फ्रॉइड काही आपल्या विश्वासाचा मित्र नव्हे. धर्माविषयी त्याने जे लिहिले ते आपणांस रुचणारे नाही. पण १९३७ साली, वयाच्या ऐंशीच्या घरात, त्याने आपल्या व्यवसायबंधूंना सांगितले की, इतरांच्या मनावर उपचार करणाऱ्याने दर पाचएक वर्षांनी स्वतः दुसऱ्यापुढे रुग्ण म्हणून बसावे आणि त्यात लाज मानू नये. डॉक्टर लोकांना हे उमगायला त्याहून उशीर लागला. जागतिक वैद्यकीय संघटनेने १९४८ साली जिनिव्हा येथे डॉक्टरांसाठी जी शपथ तयार केली, तिच्यात स्वतःच्या आरोग्याकडे लक्ष देण्याचे वचन २०१७ साली घातले गेले. जवळजवळ सत्तर वर्षांनी!

प्रभूने शिष्यांचा वृत्तांत ऐकून घेतला आणि त्यांना म्हटले, एकान्ती चला, थोडा विसावा घ्या. कारणही साधे दिले आहे : येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गर्दीत त्यांना जेवायलासुद्धा सवड होत नव्हती. जेवणाचा उल्लेख शास्त्राला हलका वाटला नाही. एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला तेव्हाही देवदूताने त्याला उपदेश केला नाही. आधी भाकर व पाणी दिले, मग झोपू दिले, मग पुन्हा उठवून खायला दिले. होरेबाचा डोंगर आणि ती शांत मंद वाणी नंतरची. मी अंगणात आमच्या बहिणीला थेट होरेबावर पाठवू पाहत होतो.

पुढची गोष्ट तुम्हांस ठाऊक आहे. ते तारवातून एकान्ती निघाले, पण लोक पायी धावत त्यांच्या आधी तेथे पोहोचले. विसावा मोडला! प्रभूला लोकांचा कळवळा आला व तो शिकवू लागला. उपदेशक येथेच थांबतात. मीही थांबत असे. पाहा, म्हणत असे, सेवकाला सुट्टी नाही. मेणबत्तीने स्वतः जळून प्रकाश द्यावा. हा मेणबत्तीचा दाखला मी किती वेळा दिला असेल याची गणती नाही. परंतु थकलेल्या शिष्यांची त्या संध्याकाळची बोलणी नीट वाचा. लोकांना घालवून द्या म्हणतात. तुम्हीच त्यांना खायला द्या म्हटल्यावर दोनशे रुपयांच्या, म्हणजे त्या काळच्या दोनशे दिवसांच्या मजुरीच्या, भाकरी विकत आणायच्या काय असे फटकन विचारतात. मला त्या उत्तरात थकव्याचा सूर ऐकू येतो, कारण तो सूर माझ्याच घरात उमटला आहे.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आमच्या शहरात रुग्णालयांतून खाट मिळत नव्हती, प्राणवायूसाठी माणसे वणवण फिरत होती. मी दिवसभर फोनवर असे. कोणाचे वडील गेले, कोणाची बहीण गेली, कोणाला दफनाला चार माणसे मिळेनात. एके रात्री आईने विचारले, 'वाढू का रे?' मी तिच्यावर असा ओरडलो की ती ताट तसेच ठेवून आत गेली. दिवसभर परक्यांशी मी मृदू आवाजात बोललो होतो. तो सगळा मृदूपणा बाहेर खर्च झाला आणि आईच्या वाट्याला तळ आला. मेणबत्ती जळते तेव्हा खालच्या पाटालाही डाग पडतो.

शास्त्रात निवासमंडपातला दिवा आहे तो मेणबत्तीसारखा नाही. निर्गमाच्या सत्ताविसाव्या अध्यायात आज्ञा आहे की, दिवा सतत जळावा म्हणून इस्राएल लोकांनी कुटून काढलेले जैतुनाचे शुद्ध तेल आणावे. दिव्याची निगा याजकाने राखावी, पण तेल लोकांनी आणावे. दिवा स्वतःला जाळीत नाही. तो आणलेले तेल जाळतो. माझ्या मते आपल्या मंडळ्यांची चूक येथे आहे. आपण दिव्याला म्हणतो, विझू नको. आणि तेलाची बुधली घरी ठेवून येतो.

थेरपिस्टने स्वतःसाठी करायच्या गोष्टी आहेतच, व त्या आमच्या बहिणीने पुन्हा सुरू केल्या आहेत. दिवसाला किती जणांना भेटायचे त्याची मर्यादा तिने ठरविली. एक गेला की दुसऱ्याला बोलावण्याआधी दहा मिनिटे ती गच्चीवर जाऊन उभी राहते, पाणी पिते. घरचा फोन नंबर ती आता देत नाही. रात्री कोणाला गरज पडली तर सरकारची १४४१६ ही टेलिमानस सेवा आहे, ती त्यांना सांगून ठेवते. नवीन ज्येष्ठ सल्लागार शोधल्या. आणि स्वतःसाठीही ती एकीकडे जाऊ लागली आहे. हे सांगताना ती थोडी संकोचली. मी मात्र तिचे अभिनंदन केले. दमा झालेला डॉक्टर डॉक्टरकडे गेला तर आपण त्याला अविश्वासी म्हणतो काय?

पण तेलाचे काय? मार्काच्या त्याच अध्यायात एक बारीक गोष्ट आहे, ती माझ्या नजरेतून वर्षानुवर्षे सुटली होती. पाच हजार जेवल्यावर प्रभूने शिष्यांना लागलीच तारवात बसून पुढे जायला लावले, आणि लोकसमुदायाला त्याने स्वतः निरोप दिला. थकलेल्यांना आधी सोडले; गर्दीला निरोप देण्याचे काम त्याने आपल्याकडे घेतले. त्यानंतरच तो प्रार्थनेसाठी डोंगरावर गेला. शिष्यांना त्या रात्री गाढ झोप मिळाली असेही नाही. वारा उलटा होता, वल्ही मारून ते हैराण झाले. पण डोंगरावरून तो त्यांना पाहत होता.

हा भाग मी आमच्या महिला मंडळाच्या सभेत वाचला. कोणी फारसे बोलले नाही. त्यानंतरच्या रविवारी उपासना सुटली, आणि सवयीप्रमाणे झाडाखाली माणसे जमू लागली. तेवढ्यात आमच्या मंडळीतल्या एक वृद्ध मावशी, जन्मभर परिचारिकेचे काम करून निवृत्त झालेल्या, काठी टेकत पुढे आल्या. त्यांनी त्या बहिणीचा हात धरला. 'चल गं, भरीत-भाकरी केलीये.' मग रांगेकडे वळून म्हणाल्या, 'तुमचं काय असेल ते पुढच्या बुधवारी मला येऊन सांगा.' रांग पांगली. खोटे कशाला सांगू, त्या रांगेत तिसरा मी होतो.

जेवणाच्या वेळी मावशींनी तिला एकही प्रश्न विचारला नाही. जेवून ती तिथेच आडवी झाली ती दिवेलागणीला उठली. उठल्यावर मावशींनी पोहे केले होते. तेही तिने खाल्ले.