जिजाईच्या नावावरचे दोनशे रुपये

भावानं माझ्याकडे पैसे मागितलेच नव्हते. २०१८ ची भाऊबीज. ओवाळून झालं, त्यानं तबकात पाचशेची नोट ठेवली, जेवणं झाली आणि हात धुऊन आल्यावर पिशवीतून कागद काढले. म्हणाला, "अक्का, पैसे नकोत. नुसती सही पाहिजे."

मंगळवेढ्यात त्याचा मंडपाचा धंदा. वडिलांच्या वेळचे बांबू, कनाती, सतरंज्या होत्या. त्यात त्यानं खुर्च्या, जेवणावळीची भांडी आणि एक जनरेटर वाढवला होता. आता लोकांना लोखंडी सांगाड्याचे उंच मंडप हवे झाले होते, झुंबरं आणि मखमली कोच हवे झाले होते. त्यासाठी एका सहकारी बँकेतून १२ लाखांचं कर्ज. बँकेला दोन जामीनदार हवे होते आणि त्यातला एक पगारदार. मी माध्यमिक शाळेत संस्कृत शिकवत होते. माझा पगार दर महिन्याला ठरलेल्या दिवशी जमा होई, आणि माझ्या नावावर कधी एक हप्ता थकला नव्हता. मी सह्या केल्या. मला बँकेचं नाममात्र सभासद करून घेतलं, पगारातून कपात करायला हरकत नाही असं पत्र मुख्याध्यापकांकडून नेलं. "मी आहे ना," असं मी त्याला म्हटल्याचं स्पष्ट आठवतं.

या तीन शब्दांवर मी नंतर फार विचार केला.

धंदा त्यानं बुडवला नाही. तो व्यसनी नाही, आळशी नाही, हिशेबाला खोटा नाही. २०२० च्या २५ मार्चला गुढीपाडवा होता. त्याच दिवशी देश बंद झाला. एप्रिल-मेच्या लग्नांच्या सुपाऱ्या परत गेल्या, घेतलेली आगाऊ रक्कम लोकांनी मागून नेली आणि त्यानं ती दिली. पुढे लग्नाला पन्नास माणसांची परवानगी मिळाली, पण पन्नास माणसांना मंडप कशाला लागतो? नवा सांगाडा गोदामात पडून गंजला. २०२१ च्या जानेवारीत बँकेचं पाकीट आलं ते माझ्या शाळेच्या पत्त्यावर. शिपायानं ते वर्गात आणून दिलं तेव्हा मी दहावीला विभक्तिप्रत्यय शिकवत होते. जूनपासून पगारातून महिना १५ हजार कापले जाऊ लागले.

बँकेत जाऊन मी विचारलं, आधी त्याच्याकडून का वसूल करत नाही? तिथल्या माणसानं शांतपणे समजावलं की १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आधी त्याचं दार वाजवलंच पाहिजे असं बँकेवर बंधन नाही. तो खरं बोलत होता. कलम १२८ मी घरी येऊन वाचलं. आमच्या घरात मुलीच्या वाढदिवसाची साडी घेतानाही चार दुकानं हिंडणारी मी, हे कलम सहीनंतर अडीच वर्षांनी वाचत होते.

पगार कापला गेला त्याचं दुःख मला तेवढं झालं नाही. माझ्या कमाईतलं भावाला गेलं, एवढंच असतं तर मी त्याला दान म्हणून मोकळी झाले असते. पण त्याच वर्षी मुलीला औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्जाला आई किंवा वडील सहकर्जदार लागतात. आमचे हे शेती बघतात. पगाराची पावती घरात माझी एकटीचीच. दुसऱ्या बँकेतल्या बाईंनी संगणकावर माझं नाव घातलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. तीनशे ते नऊशेच्या मापात माझा सिबिलचा आकडा सहाशेच्याही खाली गेला होता. भावाचं थकलेलं कर्ज तिथं माझ्या नावासमोर दिसत होतं. मुलगी शेजारच्या खुर्चीत बसली होती. ती काही बोलली नाही. प्रवेश सोडला, एक वर्ष सोलापुरात औषधांच्या दुकानात नोकरी केली आणि मग साठवलेल्या पैशांवर साध्या कॉलेजात गेली.

तेव्हा मला कळलं की मी भावाला जे दिलं होतं ते माझं नव्हतंच. पैसा आपल्याजवळ असतो. पत मात्र आपल्याबद्दल दुसऱ्यांच्या मनात असते, आणि तिच्या सावलीत घरातली सगळी माणसं बसलेली असतात. मी कोणाला न विचारता ती सावली उचलून दुसऱ्याच्या अंगणात नेली होती.

निवृत्तीच्या आधी शेवटची दोन वर्षं मी धर्मशास्त्र वाचायला घेतलं, आणि याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात मला माझंच प्रकरण भेटलं. जामिनाला तिथं प्रातिभाव्य म्हणतात आणि ते तीन प्रकारचं सांगितलं आहे. माणसाला हजर करण्याचं, माणूस विश्वासू आहे याची ग्वाही देण्याचं, आणि त्यानं नाही फेडलं तर आपण फेडण्याचं. म्हणजे दर्शन, प्रत्यय आणि दान. माझा भाऊ विश्वासाचा आहे, ही ग्वाही मी आजही देईन. ती खोटी ठरलेली नाही. पण मी सही केली होती ती तिसऱ्या प्रकाराला. आपल्या बोलण्यात "मी आहे ना" म्हटलं की हे तिन्ही प्रकार त्यात एकत्र कोंबले जातात. बोलणाऱ्याच्या मनात दुसरा असतो, ऐकणाऱ्याच्या मनात तिसरा.

त्याच्याच आगेमागे आणखी एक श्लोक आहे, ज्यानं मी हलले. भावाभावांत, नवरा-बायकोत, बाप-लेकात वाटणी झालेली नसेल तर एकमेकांना जामीन राहता येत नाही. या स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिणारे विज्ञानेश्वर कल्याणचे, म्हणजे आजच्या बसवकल्याणचे, आमच्यापासून फार लांब नाही. ते कारण देतात की द्रव्य सामाईक आहे आणि जामिनकीत ते खर्च होऊ शकतं. म्हणून इतरांची संमती असली तरच ते चालेल. यादी मी पुन्हा पुन्हा वाचली. तिच्यात बहीण नाही. लग्न होऊन गेलेली बहीण शास्त्राच्या दृष्टीनं दुसऱ्या घरची. म्हणजे मी जामीन राहू शकत होते, पण ज्या घराचं द्रव्य सामाईक होतं ते माझं सासरचं घर, आणि संमती तिथं घ्यायला हवी होती. सही करताना मी स्वतःला माहेरची समजत होते. बँक मला दुसऱ्या घरची समजत होती. बँकेचं बरोबर होतं.

आणि मनातलं खरं सांगायचं तर सही करताना सुखही वाटलं होतं. माहेरच्या अंगणात आपल्या शब्दाला किंमत आहे, भाऊ आपल्याकडे आला, आईनं बघितलं. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत. योग्य जागी, योग्य वेळी, परतफेडीची आशा न धरता दिलेलं ते सात्त्विक. बदल्यात काही हवं म्हणून दिलेलं राजस. मला पैसे परत नको होते, पण कौतुक हवं होतं. शिवाय दान दिलं की संपतं. जामीन दिला की सुरू होतो, आणि तो कधी, कोणत्या दिवशी मागितला जाईल ते देणाऱ्याला माहीत नसतं. ज्याला वेळच नाही त्याला योग्य वेळ कुठून आणायची?

आमच्या गावात हे बोलायचं म्हणजे दामाजीपंत मध्ये येतातच. नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी मला समजावलं, "अगं, पंतांनी बादशहाची कोठारं लुटवली. तू तर सख्ख्या भावासाठी सही केलीस." दामाजींच्या देवळावरून मी तीस वर्षं शाळेत गेले आहे, ती कथा माझ्या अंगात मुरली आहे. पण लोक तिचा अर्धाच भाग सांगतात. दुष्काळात धान्य वाटलं तिथं कथा थांबत नाही. विठोबा महाराचं रूप घेऊन बेदरला जातो, बादशहापुढे सगळी रक्कम मोजतो आणि पावती घेतो. ती पावती पंतांना पोथीत सापडते. धान्य पंतांचं नव्हतं, म्हणून देवालासुद्धा हिशेब पुरा करावा लागला. करुणा होती म्हणून बादशहाचं येणं बुडालं तरी चालेल, असं कथा म्हणत नाही.

तुकोबांच्या बाबतीत मात्र एक हिशेब उघडाच राहिलेला आहे आणि तो मला झोपू देत नाही. संतचरित्रकार महिपतींनी सांगितलेली गोष्ट अशी की तुकोबांचा व्यापार बुडाल्यावर त्यांच्या बायकोनं, जिजाईनं, स्वतःच्या नावावर दोनशे रुपये कर्ज काढून त्यांना दिले. त्यांनी माल घेतला, विकला, दोनशेचे अडीचशे झाले, आणि परत येताना देण्यापायी गांजलेला एक माणूस भेटला, त्याला सगळे देऊन टाकले. लहानपणापासून कीर्तनात ही गोष्ट ऐकताना आम्ही गहिवरत आलो. जिजाई चिडली, म्हणून तिला कजाग ठरवत आलो. पण ज्या सावकारानं तिच्या शब्दावर दोनशे दिले, त्याच्या दारात पुढे कोण उभं राहिलं असेल? हे मला कोणत्याही बुवांनी सांगितलं नाही. तुकोबांच्या करुणेविषयी माझ्या मनात तीळभर शंका नाही. पण जिजाईचा राग हा लोभ नव्हता, तिची पत गेली होती, हे कळायला मला पाकीट यावं लागलं.

आणि तुकोबांचीच दुसरी गोष्ट मला वाट दाखवून गेली. कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, ती सगळी नव्हती. धाकटा भाऊ कान्होबा याचा अर्धा वाटा त्यांनी आधी त्याच्या हातात दिला; आपला अर्धा तेवढा बुडवला. त्याच्या पोराबाळांचं त्यांनी आपल्या वैराग्यात ओढलं नाही.

२०२४ च्या मे महिन्यात मी निवृत्त झाले. तोवर माझे ५ लाख ४० हजार गेले होते. उरलेलं भावानं जनरेटर, सांगाडा आणि शेवटी गोदामाची जागा विकून भरलं. कर्ज मिटलं. कायदा म्हणतो की जामीनदारानं जेवढं भरलं तेवढं तो कर्जदाराकडून वसूल करू शकतो. सावकाराची जागा आता त्याची. म्हणजे मी माझ्या भावाची सावकार झाले होते. आईचं म्हणणं होतं, सोडून दे, रक्ताचा आहे. मुलगी काहीच म्हणाली नाही, जशी त्या दिवशी बँकेत म्हणाली नव्हती.

मी भावाला बोलावलं आणि सांगितलं, "यातला अर्धा माझा आहे. तो मी सोडला, पुन्हा कधी तोंडानं काढणार नाही. अर्धा तिचा आहे. तो सोडायचा अधिकार मला नाही." तो रडला. मीही. मग म्हणाला, "महिन्याला किती जमेल ते मी सांगू का?" मी म्हटलं, सांग. तो पाच हजार म्हणाला.

आता तो दुसऱ्याच्या मंगल कार्यालयात व्यवस्था बघतो. दर महिन्याच्या पाच तारखेला येतो, मी वहीत लिहिते, तो सही करतो, मग मी चहा टाकते. पहिले काही महिने तो चहा न घेता उठायचा. परवाच्या भाऊबीजेला त्यानं खिशातून दोन पाकिटं काढली. तबकातले पाचशे वेगळे, वहीतले पाच हजार वेगळे. मी दोन्ही घेतली.