भुर्दंड कोण भरतो?

सामाजिक पथनाट्यांना पैसे देणाऱ्या संस्थांचे अहवाल एकदा चाळून पाहावेत. प्रयोग किती, गावं किती, प्रेक्षक किती, बॅनर दिसेल असे फोटो, सरपंचांच्या सही-शिक्क्याचा दाखला. हल्ली त्यात ‘वर्तनबदल’ असाही एक रकाना असतो आणि तो प्रयोग संपल्या संपल्या, डफ पिशवीत जायच्या आत, भरून घेतला जातो. याचा कुणाला राग येत नाही. उलट रंगभूमी आणि समाजपरिवर्तन या विषयावरच्या परिसंवादांत हीच भाषा आता रुळली आहे. नाटक हे जनजागृतीचं प्रभावी माध्यम आहे, असं अध्यक्ष म्हणतात, टाळ्या पडतात आणि चहा येतो.

प्रचार आला की कला संपली, असं म्हणणारी मंडळी अजून आहेत. त्यांनी खाडिलकरांचं ‘कीचकवध’ आठवावं. 1910 साली इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली ती काही त्यातल्या निखळ सौंदर्यदृष्टीमुळे नव्हे. मोबाइलच्या जमान्यात नाटक बघतो कोण, असं विचारणाऱ्यांनी दिवाळीनंतर गडचिरोली-चंद्रपूरकडे जाऊन झाडीपट्टीतली तिकीट काढून बसलेली गर्दी पाहावी. या दोन्ही आक्षेपांवर याहून जास्त शाई खर्च करायचं कारण दिसत नाही.

जनजागृतीवाल्यांचं मात्र तसं नाही. त्यांचा हेतू चांगला असतो, पोरं उन्हातान्हात राबतात आणि म्हणूनच त्यांच्या मुळाशी असलेलं गृहीतक कुणी तपासत नाही. ते गृहीतक असं: लोक चुकीचं वागतात, कारण त्यांना ठाऊक नसतं. ते सांगितलं की ते बदलतील.

बीड जिल्ह्यातल्या बालविवाहाचं उदाहरण घेऊ. या विषयावरचं पथनाट्य साधारण कसं असतं? काळे कुडते, कमरेला ओढण्या, गोल रिंगण. बाप आडमुठा, आई मुळूमुळू रडणारी, आजी जुन्या वळणाची. लग्न ठरतं, पोरगी म्हणते मला शिकायचंय, आणि शेवटी कायदा सांगणाऱ्या मॅडम येतात: अठरा वर्षं पूर्ण हवीत, नाहीतर दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड, 1098 वर फोन करा. सगळं बरोबर आहे. एकही शब्द खोटा नाही.

आता समोर बसलेल्या बाईला काय ठाऊक आहे ते पाहू. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला. एकटा गडी हा अर्धा कोयता. म्हणजे पोराचं लग्न झालं की घरात पुऱ्या कोयत्याची उचल येते. आणि पोरीचं? दिवाळीच्या आगेमागे आई-बाप कारखान्यावर गेले की उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तोवर चौदा वर्षांच्या मुलीला वस्तीवर कुणाच्या भरवशावर ठेवायचं? बरोबर न्यावं, तर फडाकडेच्या कोपीत ना दार ना आडोसा. कायद्याचं वय या बाईला पाठ आहे. तिला न सुटलेला प्रश्न वेगळा आहे आणि त्या प्रश्नातली दोन मुख्य पात्रं, मुकादम आणि साखर कारखाना, नाटकात आलेलीच नाहीत. ती येणारही नाहीत. कारण ती आली तर सरपंचांच्या सहीचा दाखला मिळायची पंचाईत होईल. सरपंच बहुधा एखाद्या मुकादमाचा नाहीतर कारखान्याच्या संचालकाचा कुणी ना कुणी लागतोच.

मग नाटक बोलतं कुणाला? आईला. गावात जिचं सर्वांत कमी चालतं तिला. अज्ञान हे सोयीचं खलपात्र आहे: ते प्रेक्षकांत उठून उभं राहत नाही, दमदाटी करत नाही, अनुदान अडवत नाही.

यावर जनजागृतीवाले एक बिनतोड वाटणारं उत्तर देतात. म्हणतात, आमचे पूर्वज कोण? सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे. तेही उपदेशच करत होते ना? मेलेलं ढोर ओढू नका, मृतमांस खाऊ नका, दारू सोडा, पोरं शाळेत घाला. मग फरक काय?

हा प्रश्न खरा आहे आणि मला वाटतं सगळं प्रकरण इथेच येऊन ठरतं. मजकूर पाहिला तर फरक फार नाही. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तमाशाचाच साचा घेतला, त्यात नवा मजकूर भरला आणि उपदेशही भरपूर केला. पण ढोर ओढू नका असं सांगणारा स्वतः त्याच वाड्यातला, निदान तसल्याच वाड्यातला होता. ढोर ओढणं सोडलं की गाव बलुतं बंद करतं, दुकानदार मीठ देत नाही, रानातून जायची वाट अडते, हे त्याच्या घरात घडून गेलेलं होतं किंवा घडणार होतं. प्रेक्षकाला जे करायला सांगायचं त्याचा भुर्दंड नटाने आधी भरलेला होता. म्हणून त्याचा उपदेश हा उपदेश वाटत नसे.

सामाजिक नाटकाची पारख मला या एकाच ठिकाणी करावीशी वाटते. नाटकाने सुचवलेली गोष्ट लोकांनी खरंच केली, तर दुसऱ्या दिवशी मार कुणाला बसेल? करणाऱ्यांना की फक्त पाहणाऱ्यांना? आशय पुरोगामी आहे की नाही, शैली लोककलेची आहे की आधुनिक, नट खेड्यातले की शहरातले, हे प्रश्न त्यानंतरचे.

ब्राझीलचा नाटककार अगुस्तो बोआल याने स्वतःची फजिती लिहून ठेवली आहे. शेतकऱ्यांनी रक्त सांडून जमीन परत घ्यावी, असं नाटक त्याच्या मंडळीने नकली बंदुका घेऊन केलं. नाटक पाहून पेटलेला व्हर्जिलिओ नावाचा शेतकरी म्हणाला, चला मग, जमीनदाराच्या माणसांशी लढायला. नटांनी सांगितलं, बंदुका खोट्या आहेत. तो म्हणाला, हरकत नाही, आमच्याकडे खऱ्या आहेत. मग नटांना कबूल करावं लागलं की आम्ही आपले कलावंत. म्हणजे सांडायचं ते रक्त आमचंच होतं, हे त्या शेतकऱ्याच्या ध्यानात आलं. प्रेक्षकाने नाटक थांबवून स्वतः पात्राची जागा घ्यावी, ही पद्धत बोआलने पुढे घडवली. आपल्याकडे ती कार्यशाळांतून उत्साहाने शिकवतात, खेळासारखी, आणि व्हर्जिलिओला गाळून.

शहरातल्यांनी गावात जाऊच नये, असा याचा अर्थ कुणी काढील. तसं नाही. सफदर हाश्मी दिल्लीचा होता. 1 जानेवारी 1989 रोजी साहिबाबादच्या कामगार वस्तीत ‘हल्ला बोल’चा प्रयोग चालू असताना हल्ला झाला, राम बहादूर हा कामगार ठार झाला आणि दुसऱ्या दिवशी सफदर गेला. 4 जानेवारीला मोलोयश्री हाश्मी आणि जन नाट्य मंचाची मंडळी त्याच जागी परत गेली आणि अर्धवट राहिलेलं नाटक त्यांनी पुरं केलं. त्या परत जाण्यामुळे बाहेरचे-आतले हा हिशेबच मिटला. स्त्री मुक्ती संघटनेचं ‘मुलगी झाली हो’ 1983 पासून महाराष्ट्रभर फिरलं. ते नाटक ज्योती म्हापसेकरांनी लिहिलं, संघटनेतल्या बायकांनी केलं, आणि घरात मार खाणारी बाई नाटक पाहून उठली तर तिने जायचं कुठे, याचंही उत्तर संघटनेने सल्ला केंद्रं उभारून दिलं. नाटक बरं होतं की वाईट, यावर वाद घालता येईल. बिल मात्र प्रेक्षकाच्या नावावर फाडलं नाही.

काही ठिकाणी खरोखरच माहितीचा अभाव असतो, हे मान्य. कुष्ठरोगावर औषध आहे, ते फुकट मिळतं आणि माणूस बरा होतो, हे सांगायला पथनाट्य उत्तम. त्यात कुणाचं काही जात नाही. पण जिथे कुणाचं तरी काही जातं, तिथे जागृतीची भाषा बोलणं हे जाणून-बुजून चुकीच्या घरी पत्र टाकण्यासारखं आहे. आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक दुखण्यांत कुणाचं तरी काही जातंच.

तेव्हा पुढच्या हंगामात बीडमध्ये बालविवाहावर पथनाट्य करू पाहणाऱ्यांना एक सुचवणं आहे. आई, बाप आणि आजी राहू देत. मुकादमाचं पात्र लिहा. उचल वाटली जाते त्या दिवसांत, त्याच्याच घरासमोर प्रयोग लावा, आणि त्या रात्री गावातच मुक्काम करा. मग दाखल्यावर सही कोण करतं, ते कळवा.