लाजावे कोणी?

दिवाळीच्या सुमारास आपल्या दारी जी माणसे येतात, त्यांत पोस्टमन आणि कचरागाडीवाला यांच्या जोडीला आणखी एक मंडळी असतात. हातात पावतीपुस्तक, कोटाला लावलेला एखाद्या सेवाभावी क्लबाचा बिल्ला, आणि चेहऱ्यावर निम्मा संकोच, निम्मा हक्क. "आश्रमातल्या मुलांना फराळ वाटायचा आहे, आपला हातभार हवा." आपण पाकीट शोधायला आत जातो. आतून कोणीतरी खुणेने "किती?" म्हणून विचारते. मग शेजाऱ्यांच्या पावतीवर कोणता आकडा आहे तो हळूच बघून आपण आपला आकडा ठरवतो. त्याहून कमी नको, आणि फारसा जास्तही नको. या व्यवहाराला आपण दान म्हणतो. म्हणू नये असे मला सुचवायचे नाही. पण सणाचे चार निवांत दिवस आहेत, चकलीचा तुकडा तोंडात आहे, तेव्हा या दानात कोण कोणाला नेमके काय देतो याचा थोडा विचार करायला हरकत नसावी.

या क्लबांची थट्टा करणे फार सोपे आहे, आणि आम्हां लेखक मंडळींनी ती पोटभर केलेली आहे. घंटा वाजवून सुरू होणारी सभा, अध्यक्षांच्या गळ्यातली ती नगरश्रेष्ठींसारखी माळ, एकमेकांना घातलेले हार. लायन्स क्लबात तर 'टेल ट्विस्टर' नावाचे एक पद असते. शेपूट पिळणारा! सभासदांच्या बारीकसारीक चुका पकडायच्या आणि त्यांना दंड करून तो पैसा गोळा करायचा, हे त्याचे काम. हसू येते खरे. पण उशिरा आला म्हणून हसत हसत दंड भरणारा व्यापारी आणि दारावरची वर्गणी चुकवण्यासाठी "हे घरी नाहीत" असे आतून सांगायला लावणारा आपल्यासारखा सुशिक्षित, यांत थट्टेला अधिक पात्र कोण, हे ज्याने त्याने ठरवावे.

शिवाय या क्लबांनी केलेली कामे लहान नाहीत. शिकागोमध्ये पॉल हॅरिस नावाच्या एका वकिलाने १९०५ साली तीन मित्र जमवले. आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत बसायचे, म्हणून नाव 'रोटरी'. आरंभी हेतू साधा होता: परक्या शहरात ओळखी व्हाव्यात, धंद्याला एकमेकांची मदत व्हावी. पुढे १९०७ साली या मंडळींनी लोकांसाठी पहिले काम हाती घेतले. ते कोणते असेल? शहरात सार्वजनिक शौचालय बांधण्याचे! मला या पहिल्या सेवेविषयी फार आदर वाटतो. शौचालयात जाऊन आलेला माणूस कोणाचे आभार मानत नाही. तिथे गरीब कोण, श्रीमंत कोण, हे कोणी विचारत नाही. देणारे होते, पण मान खाली घालून उभा राहिलेला घेणारा त्या दानात कुठेच नव्हता.

त्याच जातीचे दुसरे उदाहरण आपल्या डोळ्यांदेखत घडले आहे. रोटरीने १९८५ साली जगातून पोलिओ घालवण्याचा विडा उचलला. अर्थात हे काम एकट्या क्लबाचे नव्हे. सरकारे, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि उन्हातान्हात घरोघर हिंडणाऱ्या आरोग्यसेविका यांचे ते मिळून काम होते. आपल्या देशात १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. शाळेच्या व्हरांड्यातल्या अशा रविवारी मीही बसलेलो आहे. डॉक्टरांचा मुलगा यायचा, मागोमाग वीटभट्टीवरच्या बाईचे पोर यायचे. दोघेही सारख्याच जोराने रडायचे, दोघांच्याही तोंडात दोनच थेंब पडायचे आणि दोघांच्याही डाव्या करंगळीला तीच शाई लागायची. १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात एका लहान मुलीला पोलिओ झाला, तो देशातला शेवटचा. २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. एवढे मोठे दान कोट्यवधी मुलांच्या पदरात पडले, आणि त्यांतल्या एकालाही आपण दान घेतले असे वाटले नाही.

आता याच्या शेजारी आमच्या गावचा जून महिन्यातला समारंभ ठेवून पाहू.

आमच्या गावातही असा एक क्लब आहे. नाव सांगत नाही, कारण मंडळी सज्जन आहेत. दरवर्षी शाळा सुरू झाली की ते चाळीस 'गरीब व होतकरू' विद्यार्थ्यांना वह्या वाटतात. या शब्दजोडीकडे माझे लक्ष नेहमी जाते. श्रीमंत मुलाला होतकरू असण्याची सक्ती नाही. तो नुसता श्रीमंत असला तरी त्याला वह्या मिळतात. गरिबाने मात्र वह्यांसाठी आधी होतकरू ठरायचे. असो. यादी वर्गशिक्षकाने करायची. मग मंडप, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांची भाषणे आणि सगळ्या शाळेसमोर चाळीस नावांचा पुकारा. मूल व्यासपीठावर चढते, वह्यांचा गठ्ठा धरते, आणि छायाचित्रकार म्हणतो, "बाळ, इकडे बघ."

एका वर्षी आठवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, यादीतून माझे नाव काढा." मी कारण विचारले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "वह्या नकोत असे नाही, सर. पण त्या ऑफिसात दिल्या तर नाही का चालणार?"

आता त्या मुलीला गर्विष्ठ म्हणायचे का? म्हणणारे निघाले. शिक्षकांच्या खोलीत एक गृहस्थ म्हणालेच, "घ्यायचे तर लाजायचे कशाला?" मला मात्र त्या दिवसापासून उलटाच प्रश्न पडला आहे. देण्याघेण्याच्या या व्यवहारात लाज म्हणून जी काही असते, ती कोणाच्या वाट्याची?

माझे संस्कृत शाळेत झाले तेवढेच. पण आपल्या जुन्या ग्रंथांनी दानाविषयी जे सांगितले आहे त्यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तैत्तिरीय उपनिषदात गुरू शिष्याला निरोप देताना दान कसे करावे ते सांगतो, आणि त्यात देणाऱ्याने संकोचाने द्यावे, असेही सांगतो. लाज सांगितली आहे ती देणाऱ्याला! माझ्यापाशी आहे आणि याच्यापाशी नाही, हा काही माझा पराक्रम नव्हे, याची ती लाज. गीतेने तर अवमान करून दिलेल्या दानाला तामस म्हणून सर्वांत खालची पायरी दिली आहे. आपल्या बायाबापड्यांनी हे उपनिषद वाचलेले नसते, तरी तिळाच्या लाडवात नाणे दडवून त्या गुप्तदान करतात. घेणाऱ्याला लाडू तेवढा दिसतो. देणाऱ्याने स्वतः लाजून दुसऱ्याची लाज राखायची, ही त्यातली रीत. आणि आपण काय करतो? ती लाज सोयीस्करपणे आठवीतल्या मुलीच्या माथी मारतो, आणि तिने ती घेतली नाही म्हणजे तिला आढ्यताखोर ठरवतो.

हे सारे मी क्लबाच्या चिटणीसांना जाऊन सांगितले. त्यांचे औषधांचे दुकान आहे. गावात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. रात्री अडीच वाजता दार ठोठावले तरी औषध काढून देणारा माणूस. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सर, तुमचे पटते. पण मला चाळीस पोरांच्या वह्यांसाठी दीडशे दुकाने हिंडावी लागतात. फोटो दाखवला नाही तर पुढच्या वर्षी विचारतात, मागचे पैसे गेले कुठे? तुम्ही म्हणता गुप्त द्या. गुप्त दिलेले मधल्यामध्ये गुप्तच होते, हे तुम्हांला ठाऊक नाही का?"

ह्या उत्तराला बगल देऊन पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. दुष्काळ, पूर, भूकंप यांच्या नावाने गोळा केलेला पैसा मध्येच मुरल्याच्या गोष्टी ऐकल्या नाहीत असा कोण आहे? ज्याने दिले त्याला हिशेब मागण्याचा अधिकार आहे. कायदाही तेच म्हणतो. आपल्या राज्यात सार्वजनिक न्यासांसाठी १९५० सालचा कायदा आहे आणि त्याखाली हिशेब ठेवून ते तपासून घ्यावे लागतात. लाडवातले नाणे घरगुती दानाला ठीक. दीडशे दुकानदारांच्या पैशाला ती रीत चालणार नाही.

बरे, नाव झळकण्याचे म्हणाल, तर नावाला एवढे भिण्याचे कारण मला दिसत नाही. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला १५ लाख रुपये दिले, आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, नाथीबाईंचे नाव लागले. आज ते नाव हजारो मुलींच्या पदवीपत्रांवर आहे, आणि त्यामुळे एकीचीही मान खाली गेलेली नाही. देवळाच्या फरशीवर तर लोक आपल्या वाडवडिलांची नावे मुद्दाम पायाखाली कोरवून घेतात, भक्तांची पायधूळ लागावी म्हणून. पंढरपूरला नामदेवांची पायरी आहे, तिच्यामागची भावना हीच. उलट ज्यात नावच नाही असेही दान आपल्याकडे झाले आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागून पैसाफंड उभारला, आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. एकेक पैसा देणाऱ्याचे नाव कोण कुठे लिहिणार!

तेव्हा नाव असो वा नसो, खोट तिथे नाही. अण्णांचे बोलणे मी पुन्हा पुन्हा मनात घोळवले तेव्हा खोट कुठे आहे ते मला दिसू लागले. पैसे योग्य जागी पोचले याची पावती क्लबाला हवी आहे, आणि ती हवीच. पण ही पावती कागदाची करण्याऐवजी आपण ती त्या मुलीच्या चेहऱ्याची करतो. छापखान्याचे बिल, शाळेचा शिक्का, हिशेबनीसाची सही, यांचे काम आपण एका पोरीच्या ओशाळलेल्या हसण्याकडून करून घेतो, आणि ते फुकट मिळते म्हणून त्याची किंमत धरत नाही.

अण्णांच्या दुकानात बसून आम्ही दोघांनी त्यावर एक साधी तोड काढली. शाळेत सहकारी भांडार आहेच. वह्यांचे पैसे पालकांनी आधी कार्यालयात भरायचे, मुलाने चिठ्ठी घ्यायची आणि भांडारात ती दाखवून वह्या न्यायच्या. सगळ्यांना एकच चिठ्ठी. त्यांतल्या चाळीस चिठ्ठ्यांचे पैसे क्लबाने भरले. कोणत्या चाळीस, ते कारकुनाला आणि वर्गशिक्षकांना माहीत. चिठ्ठीवर त्याची खूण नाही. आणि हिशेब? तो अण्णांनी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दुकानाच्या दर्शनी काचेवर लावला: जमा किती, वह्या किती डझन, भाव काय, शिल्लक काय, बिलाची प्रत खाली जोडलेली. खोकल्याचे औषध घ्यायला आलेली माणसे तो वाचत उभी राहत. एकाने बेरजेत चार रुपयांची चूकही काढून दिली.

हे सगळे फुकट साधले असे मात्र नाही. समारंभ नाही, पाहुणे नाहीत, वर्तमानपत्रात छायाचित्र नाही. त्या वर्षी वर्गणी कमी जमली. दोन मोठ्या दुकानदारांनी सरळ सांगितले की, व्यासपीठावर बोलावणार नसाल तर आमचे पैसे आम्ही दुसरीकडे देऊ. ते रागावले याचे मला नवल वाटले नाही. माणसाला आपल्या चांगुलपणाला साक्षीदार हवा असतो, आणि ही भूक काही पाप नव्हे. त्यांना हार घाला, त्यांचे नाव फळ्यावर लिहा, स्मरणिकेत त्यांचे छायाचित्र छापा. माझी हरकत नाही. फक्त त्या छायाचित्रात शेजारी उभे राहण्यासाठी कोणाचे मूल मागू नका.

प्रत्येक मदतीला भांडाराची चिठ्ठी सापडत नाही, हेही मी जाणून आहे. लायन्स मंडळींना १९२५ साली हेलन केलर यांनी अंधांच्या बाजूने उभे राहण्याचे आवाहन केले, आणि तेव्हापासून डोळ्यांचे काम त्यांनी आपले मानले. गावोगावची मोतीबिंदूची शिबिरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. पूर्वी शाळेच्या वर्गातच शस्त्रक्रिया होत. आता शिबिरात तपासणी करतात आणि शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात नेतात. तिथे घेणाऱ्याला झाकायचे म्हटले तरी झाकता येत नाही, आणि झाकण्याची गरजही नसते, कारण म्हातारपणी डोळ्यांत मोतीबिंदू होणे यात कमीपणा कोणालाच वाटत नाही. तरीही डोळ्यांवर पट्टी असलेल्या आजीबाईंना रांगेत बसवून मागे पाहुण्यांनी उभे राहायचे, हे दृश्य पाहिले की वाटते, निदान ज्यांना आपण दृष्टी देत आहोत त्यांना आधी बघू तरी द्यावे. चार दिवसांनी पट्टी निघाल्यावर विचारावे, "आजी, फोटो काढू का?" ती हो म्हणेल. कदाचित पदर सारखा करून नातवालाही जवळ बोलावील. पण विचारावे.

आमच्या वह्यांची ही रीत दोन वर्षे चालली. अण्णांची चिटणीसपदाची मुदत यंदा संपली. नव्या अध्यक्षांचा निरोप आला आहे: पुढच्या जूनमध्ये समारंभ पूर्वीसारखा मंडप घालून थाटात करायचा आहे, चाळीस नावे वेळेत पाठवावीत. मी अजून पाठवलेली नाहीत. भाऊबीज झाली की त्यांच्याकडे जाणार आहे. अण्णाही बरोबर येतो म्हणाले आहेत, आणि काचेवरून काढलेले दोन्ही वर्षांचे हिशेबाचे कागद त्यांनी गुंडाळी करून गल्ल्याखाली जपून ठेवले आहेत.