बदलून देतो

"सात दिवसांच्या आत आणलंत तर बदलून देतो," दुकानदार फोनवर म्हणाला. तेव्हा गिनीपिग माझ्या मांडीवर टॉवेलमध्ये बसला होता. नाकाजवळ रुपयाएवढी जागा केस जाऊन उघडी पडली होती, कडेला पांढरा कोंडा. दोन दिवसांनी दुसऱ्याच्या कानामागेही तेच.

व्हेटने कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली पाहिली. खरजेचे किडे नव्हते. मग केस कल्चरला पाठवले. "बहुधा नायटा. बुरशी आहे, माणसालाही होते. हातमोजे घाला, वेगळ्या खोलीत ठेवा, आणि घरात सगळ्यांना सांगा."

रूममेटला सांगितलं. रोज केर-फरशीला येणाऱ्या मावशींना नाही. रिपोर्ट यायचाय, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं कारण साधं होतं: त्या काम सोडतील, ही भीती.

दुकानदारावर मात्र मनसोक्त चिडलो. त्याने एकाच पिंजऱ्यात डझनभर प्राणी कोंबले होते. पण ही बुरशी काहीही न दिसता अंगावर राहू शकते, म्हणजे त्याला खरंच माहीत नसेल हेही शक्य होतं. शिवाय 2018 च्या नियमांनुसार पेट शॉपला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ती आहे का, हे मी खरेदीच्या वेळी विचारलंच नव्हतं. मी फक्त किंमत विचारली होती.

बदलून घ्यायचा मोह झाला. आमच्या धंद्यात याला रोलबॅक म्हणतात: नवं व्हर्जन बिघडलं, जुन्यावर परत जा. पण इथे मागे जाण्यासारखं काही नव्हतं. हे दोघे त्याच पिंजऱ्यात गेले असते, त्याच पिंजऱ्यातले दुसरे दोघे माझ्याकडे आले असते, आणि हे कदाचित एखाद्या लहान मुलाच्या हातात. आजाराचा फक्त पत्ता बदलला असता. म्हणून ठेवले.

या निर्णयाने मला फार चांगलं वाटलं. तिथेच घोळ झाला.

1377 मध्ये रागुसा, म्हणजे आजचं दुब्रोवनिक, या बंदराने प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना तीस दिवस गावाबाहेर थांबवायचा नियम केला. पुढे तीसचे चाळीस झाले आणि त्यातून 'क्वारंटाइन' शब्द आला. त्यात येणाऱ्यावर आरोप नव्हता. कोण आजारी आहे हे कळत नाही, एवढंच त्यात मान्य केलेलं होतं. पण कोण, का थांबलंय, हे उघड होतं. मी खोली वेगळी केली आणि कारण लपवलं. मावशी त्या खोलीतही फरशी पुसत होत्या, उघड्या हातांनी.

तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या मनगटावर गोल चट्टा दिसला. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावत होत्या. मी ट्यूब वाचली, त्यात स्टेरॉइड होतं. अशा क्रीमने खाज थांबते, लाली उतरते आणि बुरशी आत पसरत राहते. आपल्याकडे नायटा गेल्या काही वर्षांत इतका चिवट झालाय, त्यामागे या मिश्र क्रीमचा वापर हे एक मोठं कारण मानलं जातं.

तेव्हा सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "दादा, आधी सांगायचं ना. नात माझ्याच कुशीत झोपते."

त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. चट्टा आमच्या खोलीतून आला की बाहेरून, हे त्यांना सांगता येईना. क्षणभर मला हायसं वाटलं. मग कळलं, दुकानदाराकडेही हीच सबब होती: माझ्याकडूनच गेलं कशावरून? फरक एवढाच की त्याला कदाचित माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

संसर्ग कुणी दिला हा प्रश्न बहुतेकदा सुटत नाही. पण मावशींना हातमोजे घालायचे की खोलीत जायचंच नाही, हे ठरवण्याचा हक्क त्यांचा होता. मी तो परस्पर वापरला. त्यासाठी बुरशी माझ्याच घरातली असण्याची गरज नाही. डॉक्टरांची फी मी भरली, पण तेवढ्याने तो हक्क परत देता येत नाही.

प्राण्यांना कित्येक आठवडे सिरिंजने औषध पाजलं. केस परत आले, कल्चर स्वच्छ आलं. नातीला काही झालं नाही. मावशींनी काम सोडलं नाही. पण आता बादली उचलण्याआधी त्या दारात थांबतात आणि विचारतात, "आज काही सांगायचंय का, दादा?"

रोज विचारतात. आणि ते बरोबरच आहे.