एकच माप



पवित्र शास्त्रातील ‘गणना’ हे पुस्तक आपण सहसा उघडत नाही. नावांच्या आणि आकड्यांच्या याद्या वाचून कंटाळा येतो. परंतु त्या याद्यांच्या मधोमध पाच बहिणींची एक गोष्ट आहे. आज आपण तिच्यावर मनन करू या.

इस्राएल लोक वचनदत्त देशाच्या वेशीपाशी आले होते. जमीन वाटण्याआधी शिरगणती झाली. कोणाची? वीस वर्षे व त्यापुढील वयाच्या, युद्धाला जाण्याजोग्या पुरुषांची. या गणतीप्रमाणे जमिनीचे वाटे पडणार होते. म्हणजे जो तलवार धरील त्याच्या नावावर शेत. सलाफहाद नावाचा एक मनुष्य रानातच मरण पावला होता. त्याला मुलगा नव्हता. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या त्याच्या पाच मुली मोशे, याजक एलाजार, सरदार आणि सर्व मंडळीसमोर दर्शनमंडपाच्या दाराशी उभ्या राहिल्या. मुलगा नाही म्हणून आमच्या वडिलांचे नाव का पुसले जावे, आम्हालाही वाटा द्या, असे त्यांनी सांगितले.

मोशेने त्यांना दटावले नाही आणि स्वतःच्या मताने निकालही दिला नाही. त्याने तो प्रश्न परमेश्वरासमोर नेला. मुलींचे म्हणणे रास्त आहे, असा परमेश्वराचा निवाडा झाला आणि सर्व लोकांसाठी कायदा बदलला. मुलगा नसेल तरच मुलीला, एवढेच ते पहिले पाऊल होते. पण ते देवाच्या आज्ञेने पडले, हे आपण विसरू नये.

आपण वऱ्हाडातील माणसे. कापसाचा काटा म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. घेताना एक वजन आणि देताना दुसरे असा व्यापारी असेल तर आपण त्याला काय म्हणतो? ‘अनुवाद’ या पुस्तकात देवाने अशी लहान-मोठी दुहेरी वजने जवळ बाळगण्यास मनाई केली आहे. ही मनाई केवळ बाजारापुरती आहे काय? पुरुषाला एक माप आणि स्त्रीला दुसरे, हाही खोटा काटाच नव्हे काय?

आपल्याच वऱ्हाडात, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिले. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेला बालहत्येच्या आरोपावरून आधी फाशीची शिक्षा झाली होती; पुढे ती कमी करण्यात आली. त्या प्रकरणावरून चहूकडे स्त्रीजातीची निंदा सुरू झाली, तेव्हा ताराबाईंनी विचारले की जे दोष स्त्रियांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय? योहानलिखित शुभवर्तमानात लोकांनी एका स्त्रीला व्यभिचारात धरून प्रभूसमोर आणले. तिच्याबरोबरच्या पुरुषाला मात्र कोणीच आणले नव्हते. प्रभू येशूने त्या जमावाला आपापल्या अंतःकरणात पाहायला लावले आणि एकेक जण निघून गेला.

आपल्या ख्रिस्ती समाजाला लागू असलेल्या कायद्यातही असे दुहेरी माप होते. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात पतीला पत्नीचा व्यभिचार तेवढा सिद्ध करावा लागे. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्याग यांसारखा आणखी एखादा अपराध सिद्ध करावा लागे. चर्च विवाहबंधन अतूट मानते, हे आपण जाणतोच. परंतु एकाच पापाला दोन वजने लावणारी ही तरतूद १३२ वर्षे टिकली आणि २००१ मध्ये बदलली.

आता रणांगणाकडे पाहू. मन व म्हैस या नद्यांच्या संगमावर आपल्या बाळापूरचा किल्ला उभा आहे. त्याच्या इतिहासात आझमशहाचे नाव येते, १७५७ मध्ये तो पुरा करणाऱ्या इस्माईल खानाचे येते. लढाया, फौजा, सुभेदार, सगळी नावे पुरुषांची. पण पवित्र शास्त्रात दबोरा आहे. ती ताडाच्या झाडाखाली बसून लोकांचा न्यायनिवाडा करीत असे. सीसराच्या नऊशे लोखंडी रथांपुढे जायची वेळ आली, तेव्हा तू बरोबर येशील तरच मी जाईन, असे सेनापती बाराकाने तिला सांगितले. ती गेली.

आपल्या देशात वैद्यकीय व परिचारिका सेवेखेरीज इतर शाखांत स्त्रिया अधिकारी म्हणून १९९२ पासून सैन्यात येऊ लागल्या. त्यांना कायम नेमणूक द्यावी काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. जवान बहुतेक खेड्यातून आलेले असतात, स्त्रीची आज्ञा मानायला त्यांचे मन तयार नाही, असे एक कारण तेथे सांगितले गेले. म्हणजे आपल्यासारख्या खेड्यापाड्यांच्या नावावर हे खपवले जात होते! न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२० रोजी ते नाकारले. पुढे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दारही मुलींना उघडले आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुलींची पहिली तुकडी तेथून बाहेर पडली. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये काश्मीरात शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ मध्ये स्वतः लष्करी अधिकारी झाल्या. विधवेने कोपऱ्यात बसावे म्हणणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर काय द्यायचे?

बंधू-भगिनींनो, आपण युद्धाचे गोडवे गात नाही. प्रभूने शांती करणाऱ्यांना धन्य म्हटले आहे आणि युद्धात सर्वाधिक अश्रू आयाबहिणींच्याच डोळ्यांतून वाहतात. म्हणूनच २००७ मध्ये भारताच्या महिला पोलिसांची तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या वतीने लायबेरियात शांतिरक्षणासाठी गेली, हे आपल्याला अधिक मोलाचे वाटते. सांगायचे ते एवढेच की, तलवार धरील त्याचे शेत, ही जुनी सबबही आता उरलेली नाही. आणि सलाफहादाच्या मुलींना तर देवाने तलवार धरायला न लावताच वाटा दिला. लेकीचा हक्क तिच्या पराक्रमाचे बक्षीस नाही. ती लेक आहे, एवढे पुरे आहे.

कायदा बदलला, सैन्य बदलले. घराचे काय? १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार ख्रिस्ती बापाने मृत्युपत्र केले नसेल, तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेल्यात मुलगा-मुलगी यांना सारखा वाटा मिळतो. कागदावर हे शंभर वर्षांपूर्वीच ठरले आहे. तरीही बापाच्या मातीला महिना उलटत नाही तोच बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. तिची साडीचोळीवर बोळवण होते. ती स्वखुशीने सही करते, असे सांगतात. अनेकदा तिला वाट्यापेक्षा माहेर तुटण्याची भीती मोठी असते. पण सही केली तरच ज्याचे दार उघडे राहते, ते माहेर कसले?

म्हणून या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने तीन गोष्टींचा विचार करावा. घर दुःखात असताना बहिणीपुढे कोणताही कागद ठेवू नये. तिला वेळ द्यावा, कायदा समजावून सांगावा, मग ती म्हणेल ते मान्य करावे. शासनाने १९९२ मध्ये लक्ष्मीमुक्ती योजनेतून पत्नीचे नाव पतीबरोबर सातबाऱ्यावर लावण्याची सोय केली. ज्यांच्याकडे शेत आहे त्यांनी तलाठ्याकडे त्याची चौकशी करावी. आणि वडीलधाऱ्यांनी हातपाय चालत आहेत तोवर मृत्युपत्र करावे, त्यात लेकीचे नाव लेकाच्या बरोबरीने लिहावे.

पुनरुत्थानाची वार्ता प्रभूने प्रथम मरिया माग्दालेनाच्या ओठी दिली. त्या काळी स्त्रीच्या साक्षीला फारसे वजन नव्हते. प्रभूच्या काट्यावर मात्र ते पुरे भरले. तोच काटा आपल्या घरी यावा, म्हणून आपण प्रार्थना करू या.

हे प्रभो, सलाफहादाच्या मुलींचे म्हणणे तू ऐकलेस. आमच्या लेकीबहिणींचे न बोललेले म्हणणेही आम्हाला ऐकू येऊ दे. आमच्या घरातले दुसरे वजन काढून टाकण्याचे धैर्य आम्हाला दे. आमेन.