हाताने लिहिलेले पान

पुण्याहून सोलापुराकडे जाणाऱ्या हमरस्त्याने यवत मागे टाकले, की चौफुल्याच्या अलीकडे भांडगाव लागते. दौंड तालुक्यातील हे गाव. एका अंगास ऊस, दुसऱ्या अंगास अलीकडे उभ्या राहिलेल्या कारखान्यांच्या भिंती. आषाढी वारीत तुकोबांची पालखी यवतेहून वरवंडास जाते ती ह्याच वाटेने. गेल्या उन्हाळ्यात मोटारीच्या चाकाने दगा दिल्यामुळे आम्हांस ह्या गावी दोन घटका थांबावे लागले. चाक दुरुस्त होईपर्यंत एका पारावर सावलीस बसलो असता एक लहानसा तंटा आमच्यापुढे निवाड्यासाठी आला. तो मुलांचा होता, परंतु त्याचा निकाल आम्हांस तेथे देता आला नाही, आणि तेव्हापासून तो आमच्या मनातून गेलेला नाही.

पारावर बारातेरा वर्षांचे दोन मुलगे पत्ते खेळत होते. हे पत्ते म्हणजे आपले इस्पिक-बदामाचे नव्हेत. जपानात 1996 साली निघालेला पोकेमॉनच्या पत्त्यांचा खेळ आता आमच्या खेड्यापाड्यांतही पोचला आहे, तोच हा खेळ. एका मुलाची सर्व पाने छापील व चकचकीत होती; त्याचे वडील जवळच्या कारखान्यात कामास असून पुण्यास गेले म्हणजे एखादे बंद पाकीट आणीत, असे त्याच्या बोलण्यावरून कळले. दुसऱ्याच्या जोडातील निम्मी पाने छापील, आणि उरलेली वहीच्या पुठ्ठ्याची. पुठ्ठा बेताने कापून, त्यावर निळ्या शाईने पानाचे नाव, आकडे व मजकूर लिहून, ते तुकडे त्याने कोणास नको असलेल्या छापील पानांच्या दर्शनी बाजूस डकवले होते. म्हणजे पाठ सर्वांची सारखी. बोटांना जाडी कळत असलीच पाहिजे, पण त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तक्रार निराळीच निघाली. पुठ्ठ्याच्या एका पानाने चकचकीत पानांपैकी सर्वांत मानाचे पान एका फटक्यात बाद केले, तेव्हा पहिला मुलगा उसळून म्हणाला, "हे पान खोटं आहे!" आणि आमच्याकडे वळून, "काका, घरी लिहिलेलं पान चालतं का हो?"

प्रश्नाचे मर्म कळण्यासाठी खेळाची रीत थोडक्यात सांगणे भाग आहे. खेळ दोघांचा. प्रत्येकाने आपापला 60 पानांचा जोड घरून बांधून आणावयाचा. त्यात एकाच नावाची चारांहून अधिक पाने चालत नाहीत. मूळ ऊर्जेची पाने मात्र हवी तितकी घ्यावीत. पाने पिसून सात हातात घ्यावयाची, सहा बक्षिसाची म्हणून उपडी बाजूस ठेवावयाची. एक प्राणी समोर लढावयास, आणि पाचांपर्यंत मागे राखीव. पाळी आली की एक पान ओढावे, एका प्राण्यास ऊर्जेचे एक पान लावावे, साहाय्याची पाने वापरावीत, आणि शेवटी हल्ला करावा. प्रतिपक्षाचा प्राणी बाद झाला की बक्षिसाचे पान उचलावयाचे. सहाही उचलणारा जिंकला. प्रतिपक्षाकडे लढावयास एकही प्राणी उरला नाही, किंवा पाळीच्या आरंभी त्यास ओढावयास पान उरले नाही, तरीही जिंकला. रीत इतकी सोपी आहे, की चाक बसेपर्यंत ती आमच्यासारख्या वृद्धासही उमगली. अवघड आहे ते पारावर येण्यापूर्वीचे: हजारो पानांतून साठ कोणती निवडावी, आणि ती मिळवावी कशी?

येथेच ह्या खेळाची आपल्या जुन्या खेळांपासून फारकत होते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी 12 पाने, मिळून 120. सर्व खेळणारे त्या एकाच जोडातून पाने घेतात. रमीची गोष्टही तीच. वाटणीत दैव पक्षपात करील, परंतु सावकाराचे दैव आणि कुळाचे दैव तेथे एकाच गंजीतून निघते. नव्या खेळात मात्र प्रत्येकजण आपले दैव घरून बांधून आणतो, आणि ते बाजारातून आणतो. ह्या जातीचा पहिला खेळ, मॅजिक: द गॅदरिंग, अमेरिकेत 1993 साली रिचर्ड गारफील्ड ह्या गणितज्ञाने रचला. आपले सामर्थ्य आपणच जुळवावे ही त्याची कल्पना बुद्धीस मोठे क्षेत्र देणारी आहे, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु पाने बंद पाकिटात विकली जातात आणि आत काय आहे हे फोडल्यावाचून कळत नाही. बुद्धीच्या शेजारी पैसा आणि नशीब ह्यांसही त्याच पाटावर बसविलेले आहे.

तेव्हा पुठ्ठ्याचे पान खरे की खोटे?

प्रथम मनात आले ते असे. बुद्धिबळातील उंट हरवला तर आपण चिंचोका ठेवतो, आणि तो चिंचोका तिरकाच चालतो. चौकटची सत्ती हरवली तर जोकरावर शाईने सत्ती लिहितो, आणि घरातील वडीलधारी मंडळीही तिला सत्तीच मानतात. खेळातील वस्तूचे वस्तुत्व तिच्या कागदात नसून नियमात आहे. हाताने केलेले म्हणून खोटे म्हणावे, तर सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी एकेक करून रंगविलेली पाने सर्वच खोटी ठरतील! मग वहीच्या पुठ्ठ्यावर निळ्या शाईने लिहिलेल्या पानाने काय पाप केले?

हे उत्तर आम्ही ओठांवर आणले होते. इतक्यात पहिला मुलगा म्हणाला, "त्या एका पानासाठी मी माझी तीन चांगली पानं दिली. आणि ह्यानं नुसतं लिहिलं." आणि आम्ही गप्प राहिलो. कारण चिंचोक्याच्या दृष्टांतात ही गोष्ट नव्हती. उंट मिळविण्यासाठी कोणी काही सोडलेले नसते. ह्या मुलाने सोडले होते. त्याची तीन पाने गेली, वडिलांची पाकिटे मोजकी, आणि ज्याच्यासाठी हे सर्व केले ते शेजाऱ्याने पेनाच्या चार फराट्यांत उभे केले. ह्या दुःखास मत्सर म्हणून उडवून लावणे सोपे आहे. पण ते न्याय्य नाही. जो वर्षभर पोटास चिमटा घेऊन ग्रंथ विकत घेतो, त्यास तोच ग्रंथ नकलून घेणाऱ्याविषयी काय वाटते, हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल.

तरीही त्याने जे सोडले ते कशाच्या मोबदल्यात सोडले, हे पाहिले पाहिजे. पानाचे उपयोग एक नव्हेत. ते खेळता येते, दुसऱ्या पानाशी बदलता येते, आणि पणासही लावता येते. हा शेवटचा उपयोग काल्पनिक नाही. गारफील्डच्या खेळाच्या पहिल्या नियमांत, डावापूर्वी प्रत्येकाने आपल्या जोडातील एक पान बाजूस ठेवावे व जिंकणाऱ्याने दोन्ही न्यावीत, अशी तरतूद होती. पुढे ती सोडून देण्यात आली, आणि बरे झाले. आता, पुठ्ठ्याचे पान कोणी पणास लावील तर तो लबाड. ते बदलून कोणाचे छापील पान नेईल तर चोर. कारण बदलताना व पण लावताना पान असे म्हणत असते की, माझ्यासारखी पाने थोडी आहेत. पुठ्ठ्याच्या तोंडी हे वाक्य असत्य आहे. परंतु खेळताना पान एवढेच म्हणते की, माझ्या अंगी इतके बळ आहे व माझा नियम असा आहे. हे वाक्य निळ्या शाईतही तितकेच सत्य आहे.

गावोगावच्या दुकानांत सोनेरी मुलाम्याची नकली पाने सर्रास विकली जातात, ती ह्याच्या नेमकी उलट होत. दिसावयास ती खऱ्याहून देखणी. परंतु ती आपण छापखान्यातील अस्सल असल्याचा आव आणतात. पुठ्ठ्याचे पान आपले दारिद्र्य तोंडावर घेऊन बसलेले असते. त्याने फसणारा मनुष्य अजून जन्मावयाचा आहे.

दुर्मिळता हाच खेळाचा प्राण आहे असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मॅजिकच्या कंपनीने 1996 साली काही जुनी पाने पुन्हा कधीही छापणार नाही असे जाहीर केले; संग्रह करणाऱ्यांचा विश्वास राखण्यासाठी हे करण्यात आले. त्यांपैकी ब्लॅक लोटस नावाच्या पानाची पहिल्या छपाईतील एक प्रत 2021 साली लिलावात 5 लाख डॉलरांहून अधिक किमतीस गेली. त्या पानावरील मजकूर दोनतीन ओळींचा आहे. तो कोणासही पाठ करता येईल. तेव्हा हे पाच लाख कशाचे? मजकुराचे नव्हेत. ते पान विकत घेणारा त्याने कधी खेळेलसे आम्हांस वाटत नाही. दुर्मिळता बाजाराचा प्राण आहे. खेळाचा प्राण समोर बसलेला गडी आहे, आणि भांडगावासारख्या गावी तो एकच असण्याचा संभव फार. आपली पाने बरोबरीची व्हावीत म्हणून जो रात्री पुठ्ठा कापीत बसतो, त्यास बाद करून छापील पानांचा धनी खेळणार कोणाशी?

मोठ्या स्पर्धांत खेळाडूने घरी केलेली पाने चालत नाहीत, हे आम्हांस ठाऊक आहे, आणि ते योग्य आहे. तेथे येणारा प्रत्येकजण तो नियम मान्य करूनच नाव घालतो. पारावर तसा नियम कोणी केला होता काय? येथे आम्हांस सभापर्वाची आठवण झाली. पण दुर्योधन लावणार आणि फासे त्याच्या वतीने शकुनी टाकणार असे ठरले, तेव्हा एकाने दुसऱ्यासाठी खेळणे आपणास विषम वाटते, असे युधिष्ठिराने बोलून दाखविले. आणि तरीही तो बसला. बदली चालते की नाही हा प्रश्न विचारण्याची वेळ हीच, बसण्यापूर्वीची. युधिष्ठिराचा दोष असा की, त्याने प्रश्न वेळेवर विचारला आणि उत्तराची वाट पाहिली नाही. आमच्या पारावरच्या मुलाचा दोष निराळा. विचारता असे कळले, की पुठ्ठ्याची पाने घेऊन ते दोघे महिनाभर खेळत आले होते, आणि त्या महिन्यात बहुतेक डाव ह्यानेच जिंकले होते. जिंकताना पान खरे होते, हरताना खोटे झाले!

एवढे सर्व मनात जुळवून आम्ही निवाडा सांगावयास घसा साफ केला. तोवर वादाने दुसरेच वळण घेतले होते. पहिल्या मुलाने आपल्या पिशवीतून तेच पान छापील स्वरूपात बाहेर काढले, तीन पाने देऊन मिळविलेले ते हेच, आणि दोन्ही शेजारी ठेवून तो ओळ न् ओळ ताडून पाहू लागला. नाव बरोबर होते. आकडेही बरोबर. परंतु छापील पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती: हा हल्ला केल्यावर पुढच्या पाळीस ह्या प्राण्यास हल्ला करता येत नाही. पुठ्ठ्यावर ती नव्हती.

"जागा नव्हती," दुसरा मुलगा म्हणाला. त्याचा चेहरा पाहता तो खरे सांगत होता असे आम्हांस वाटले. पण जागा संपली ती नेमकी ह्याच ओळीपाशी, हेही खरे. मोठ्या पानाचे बळ नकलून घ्यावे आणि त्याचे ओझे जागेअभावी गळावे, असे शहाण्यासुरत्या माणसांच्या हातूनही घडते, आणि तेव्हा त्यांच्याही चेहऱ्यावर असाच निरागसपणा असतो. आमच्या सगळ्या विवेचनात ही शंका आम्हांस शिवली नव्हती. पान लिहिलेले आहे की छापलेले, ह्यातच आम्ही गुंतलो होतो. ते पुरते लिहिले आहे काय, हे पाहण्याचे सुचले ते त्या चिडलेल्या मुलास.

दुसऱ्याने आमच्याकडे पेन मागितले. पुठ्ठ्याच्या कडेस, आडव्या ओळींत जागा नव्हती म्हणून उभी, त्याने ती ओळ बारीक अक्षरांत लिहून काढली; पहिल्याने छापील पान समोर धरून ती त्यास वाचून दाखविली, आणि एक शब्द चुकला तो दुरुस्त करावयास लावला. मग बाद झालेला प्राणी परत जागेवर ठेवून तो डाव त्यांनी दोन पाळ्या मागून पुन्हा मांडला. आमचे मत कोणी पुन्हा विचारले नाही. चाक बसल्याची हाक आली तेव्हा दोघांचीही तीन-तीन बक्षिसे उरली होती, आणि आमचे पेन त्यांच्याकडेच राहिले.